सिंहगड चढणं सोपं, उतरणं अवघड: पहिल्या घाटाआधी सायकलस्वाराची तयारी

रविवारी सकाळी आठच्या सुमारास सिंहगडाच्या पायथ्याला, गोळेवाडीच्या चौकीपाशी दहा मिनिटं उभे राहा. वर जाणारे घामाघूम, चेहरे लालबुंद, पण धडधाकट असतात. खाली येणारे खुशीत असतात आणि त्यांच्यातच अधूनमधून एखादा कोपर सोलून, चड्डी फाटून, वाकडं हँडल हातात धरून चालत येतो.

नव्या मंडळींना पहिल्या घाटाला मी नेतो, तेव्हा प्रत्येक जण विचारतो, “चढ जमेल ना?” उतरणं जमेल का, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. चढावर तुम्ही ताशी सात-आठ किलोमीटरनं रांगत असता, दमलात तर उतरून ढकलता. उतारावर तीच सायकल पायडल न मारता चाळिशी गाठते, आणि तेव्हा ब्रेक, टायर, सीट, हेल्मेट यांतली ढिलाई एकदम समोर येते. म्हणून खालचा सगळा क्रम उतरण्याचा विचार करून लावला आहे. रस्ता सिंहगडाचा धरलाय, पण पसरणी, दिवे किंवा आंबेनळी घाटाला जाणार असाल तरी टप्पे हेच.

टप्पा १: सायकल तुमच्या मापाची करा

सीटच्या उंचीपासून सुरुवात करा. भिंतीला टेकून सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलकासा बाक येतो. एवढं जमलं की नव्वद टक्के काम झालं.

आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत असं लहानपणी शिकवलेलं असतं. घाटात याचा हिशोब गुडघ्याच्या पुढच्या बाजूला चुकवावा लागतो. सीट उंच केल्यावर थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, हे वेगळं शिकावं लागतं. गल्लीत वीस वेळा करा, जमतं. उलट, पायडल मारताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट जास्त वर गेली आहे.

त्यानंतर हात. हँडल धरल्यावर कोपर ताठ होत असतील तर हँडल तुमच्यापासून फार लांब आहे. खड्ड्याचा प्रत्येक दणका खांद्यात जाईल.

सगळ्यांकडून राहते ती गोष्ट म्हणजे ब्रेकचा लिव्हर. हँडलवरची पकड न सोडता तर्जनी आणि मधलं बोट लिव्हरवर पोचायला हवं. लहान हातांच्या लोकांना, विशेषतः बऱ्याच बायकांना, लिव्हर लांब पडतो आणि बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढावा लागतो. बहुतेक लिव्हरांना आतल्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलकडे सरकतो. दोन मिनिटांचं काम, पण ते न केल्यामुळे अर्ध्या उतारातच बोटं दुखून ब्रेक सोडणारे मी पाहिलेत.

तपासा: स्क्रू फिरवल्यावर लिव्हर पूर्ण दाबून पाहा. तो हँडलला टेकत असेल तर ब्रेकची वायर ताणून घ्या, मगच पुढे जा.

टप्पा २: खरेदी या क्रमानं करा

नवीन माणूस आधी जर्सी घेतो, मग गॉगल, मग हँडलवरचा मोबाईल होल्डर. हेल्मेट मित्राचं जुनं आणि दिवा “पुढच्या महिन्यात”. हा क्रम उलटा करा.

पहिलं हेल्मेट. आतल्या लेबलवर युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख असलेलंच घ्या. महाग हेल्मेट हलकं आणि जास्त हवेशीर असतं, पण मानकाची चाचणी स्वस्तालाही तीच द्यावी लागते, म्हणून इथे बजेटचं ओझं घेऊ नका. दुकानात घालताना समोरची कड भुवयांच्या दोन बोटं वर यायला हवी. टोपीसारखं मागे सरकवून कपाळ उघडं ठेवणारे सगळीकडे दिसतात. तोंडावर आपटलं तर त्या हेल्मेटचा उपयोग शून्य. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली व्ही आकारात जुळावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटंच मावावीत. आता पट्टा न लावता मागची चकती आवळा आणि मान हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर हलायला हवं, डोक्यावर फिरता कामा नये.

दुसरं, दिवे. मागे लाल, पुढे पांढरा. पुढचा दिवा खड्डा दाखवणारा हवा. नुसता लुकलुकणारा असेल तर तो फक्त तुम्हाला दाखवतो, तुमच्या पुढचा रस्ता नाही. मागचा दिवा सीटखालच्या पिशवीमागे किंवा लोंबणाऱ्या जॅकेटखाली झाकला जात नाही ना, हे कुणाला तरी मागे उभं करून विचारा. पहाटे निघणाऱ्यांनी घोट्याला चमकणारी पट्टी बांधावी. वरखाली हलणारी चमक ट्रकवाल्याला लांबून कळते.

तिसरं, हातमोजे. पडताना माणूस हात पुढे टाकतो, आणि तळहाताची सालडी निघाली की पंधरा दिवस साधा आमटीभात कालवता येत नाही.

चौथं, घंटी. हिचं काम टेकडीवर कळेल.

पाचवं, पंक्चरचं सामान: एक जादा ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या), छोटा पंप, अॅलन कींचा (षटकोनी किल्ल्यांचा) जुडगा.

सहावी, पॅड असलेली चड्डी. ही आतल्या कपड्याशिवाय, थेट अंगावर घालायची असते. हे दुकानात कुणी सांगत नाही, विचारायची लाज वाटते, आणि मग आतल्या शिवणीनं मांड्या सोलून निघतात. संकोच वाटत असेल तर वरून सैल हाफपँट घाला, हरकत नाही. ओढणी, पायघोळ सलवार, सुटी नाडी, बुटाच्या लोंबत्या लेस मात्र नकोत. चेन यांतलं काहीही ओढून घेते.

बूट कडक तळव्याचे कसलेही चालतात. पायडलला अडकणारे क्लीट पहिल्या घाटाला अजिबात नकोत. थांबताना पाय सुटत नाही आणि माणूस उभ्या उभ्या, अगदी सावकाश, सगळ्यांच्या देखत आडवा होतो.

जर्सी शेवटी. हवी तर.

टप्पा ३: आदल्या संध्याकाळची तपासणी

सकाळी पाच वाजता ही तपासणी करायला जाऊ नका. झोपेत माणूस सगळ्याला “ठीक आहे” म्हणतो. आदल्या संध्याकाळी उजेडात, पुढून मागे असं जा.

१. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, सरळ बसवलाय ना? हसू नका. खोक्यातून अर्धवट जोडलेल्या येणाऱ्या स्वस्त गिअरच्या सायकलींत फोर्क उलटा बसवलेल्या किती तरी दिसतात. माझ्या भाच्याची सायकल अशीच घरी आली आणि महिनाभर तो “ही वळणाला विचित्र वागते” म्हणत होता. ओळखायची खूण सोपी आहे: पुढचं चाक फ्रेमच्या बाहेर पुढे असायला हवं, पायाच्या बोटांना लागेल इतकं आत नको. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पुढच्या ब्रेकचे हात फोर्कच्या पुढच्या बाजूला असतात. डिस्क ब्रेक असेल तर पुढची डिस्क बसल्यावर तुमच्या डाव्या हाताला असते.

२. चाकाचा खटका. क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक काढता येणारा खटका असेल तर तो नटासारखा गरगर फिरवून घट्ट करायचा नसतो. समोरचा नट थोडा आवळायचा आणि खटका दुमडून बंद करायचा. दुमडताना तळहातावर त्याचा ठसा उमटेल एवढा जोर लागायला हवा. सहज मिटला तर चाक ढिलं आहे.

३. हँडल. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरा आणि हँडल डावी-उजवीकडे पिळून पाहा. चाक न हलता हँडल फिरलं तर स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट ढिले. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी कट्‌कट् जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे, मेकॅनिककडे न्या.

४. ब्रेक. रबरी ब्रेक शू रिमवरच टेकायला हवेत. टायरला घासणारा शू लांबच्या उतारात टायर कापतो. शूवरच्या खाचा बुजल्या असतील तर बदला. डिस्क असेल तर तिला बोट लावू नका आणि जवळपास तेलाचा डबा उघडू नका. एक थेंब पुरतो.

५. टायर. कडेला जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. तो मर्यादेचा आकडा आहे, भरायचाच असा नाही. साठ-सत्तर किलोच्या माणसाला ३२ मिलिमीटरच्या टायरात साधारण ५५ ते ७०, २५ मिलिमीटरच्या रोड टायरात ८० ते ९५ आणि दोन इंची जाड टायरात ३० ते ४० पीएसआय रस्त्यावर पुरतात. अंगठ्यानं दाबून अंदाज घेऊ नका, गेज असलेला पंप वापरा. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर दोन सेकंदांत ट्यूब फोडू शकतो, आणि बारीक पितळी तोंडाच्या प्रेस्टा वॉल्वला तो अडॅप्टरशिवाय लागतही नाही. हवा भरून झाली की टायरभर बोट फिरवून चिरा आणि घुसलेली काच शोधा.

६. चाकाला आउट, म्हणजे वाकडेपणा. चाक उचलून फिरवा. रिम ब्रेक शूजवळून डुलत जात असेल तर आउट काढून घ्या. हे घरी करायला जाल तर दुप्पट आउट कराल, मी केलंय.

७. चेन. फडक्यानं पुसा, प्रत्येक कडीवर चेनचं तेल एकेक थेंब, पाच मिनिटं थांबा, वरचं तेल पुन्हा पुसा. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे. तो असलेलं तेलही धुऊन टाकतो.

थांबा: १, २, ३ किंवा ४ मध्ये काही बिघाड निघाला आणि दुकान बंद असेल, तर उद्याचा घाट रद्द. बाकीच्यांसाठी तडजोड चालेल, या चौघांसाठी नाही.

टप्पा ४: मैदानावर ब्रेक शिका

हा टप्पा सगळे गाळतात. घाट हा शिकवणीचा वर्ग नाही.

आधी कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, ते पाहा. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींत उलटं असतं. मित्राची सायकल मागून आणली असेल तर हे न पाहता उताराला लागणं म्हणजे मुद्दाम खड्ड्यात जाणं.

“पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो” हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलंय की लोक फक्त मागचा दाबतात. मागचं चाक लॉक होतं, घसरतं, सायकल थांबत नाही. खरं तर थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. माणूस उलटतो तो ब्रेक झटक्यात दाबल्यामुळे आणि अंग पुढे फेकलं गेल्यामुळे.

मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये हे करा:

पहिली फेरी: सायकलवरून उतरून, हळू चालत, फक्त पुढचा ब्रेक दाबा. मागचं चाक कधी उचललं जातं ते पाहा. दाब किती लागतो याचा अंदाज हाताला येतो.

दुसरी फेरी: ताशी १५ च्या वेगानं या. दोन्ही पायडल आडवी ठेवा, बूड सीटच्या मागे सरकवा, कोपर किंचित वाकवा, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. खडूनं रेघ मारून दर वेळी तिच्या किती आधी थांबता ते पाहा.

तिसरी फेरी: तेच, पण बाटलीभर पाणी रिमवर ओतून. रिम ब्रेकवाल्यांना इथे दचकायला होतं. पहिले एक-दोन वेढे शू फक्त पाणी पुसतात, पकड नंतर येते. पावसाळ्यात म्हणूनच आधी ब्रेकला हलकं बोट लावून रिम पुसून घ्यायची, मग दाबायचं.

चौथी फेरी: सरळ जाताना आधी डाव्या, मग उजव्या खांद्यावरून मागे पाहा. सायकल रेघेवर राहिली तर तुम्ही शहरातून जायला तयार आहात.

टप्पा ५: घरापासून पायथ्यापर्यंत

पहाटे निघा. खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी गर्दी व्हायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असावं, आणि परतताना ती लागणारच आहे हे गृहीत धरा.

कडेच्या गटाराला चिकटून चालवू नका. तिथे काच, खडी, झाकणाच्या खाचा असतात, आणि मागच्या गाडीला वाटतं की जागा आहे, घुसावं. कडेपासून दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत राहा. उभ्या गाड्यांपासून उघडणाऱ्या दाराएवढं अंतर ठेवा. रिक्षा कडेला थांबली की तिच्या उजव्या बाजूनं चालकाचा पाय बाहेर येणार, हे धरून चाला.

बस किंवा ट्रक सिग्नलला उभा असेल तर त्याच्या डाव्या फटीतून पुढे जायचा मोह टाळा. चालकाला तुम्ही तिथे दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला की त्याचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून वळतं. मागेच थांबा. पाच सेकंद जातील.

गटात असाल तर एकामागोमाग. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीही नको. तो खड्डा चुकवायला जरा सरकला की तुम्ही पडता, तो नाही. पुढच्यानं “खड्डा”, “ब्रेकर”, “थांबतोय” असं ओरडायचं, मागच्यानं “मागून गाडी” सांगायचं. इअरफोन दोन्ही कानांतून काढा.

कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. हळू व्हा, खणखणीत आवाजात “हट्!” म्हणा, तरीही आलं तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत निघा. चावलं तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची. घाट दुसऱ्या रविवारीही तिथेच असतो.

आणखी एक: मुंबईच्या दिशेला जाणार असाल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. नकाशाच्या अॅपनं मोटारीचा मार्ग दाखवला म्हणून नवखे त्याच्या तोंडाशी पोचतात.

टप्पा ६: चढ

चढाबद्दल थोडक्यात, कारण इथे फार बिघडत नाही. चौकीपासून वाहनतळापर्यंत साधारण आठ-नऊ किलोमीटर. चढ सुरू व्हायच्या आधी हलका गिअर टाका. पाय जड झाल्यावर टाकायला जाल तर चेन कडाकडा वाजते आणि कधी निसटते. पहिल्या किलोमीटरला “फार सोपं चाललंय” वाटलं पाहिजे. बोलता येत नसेल इतका दम लागला तर वेग कमी करा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागण्याआधी. एक बाटली साधी, एक लिंबू-मीठ-साखरेची. खिशात राजगिऱ्याची चिक्की किंवा केळं.

चढताना डोळे कामाला लावा. कोणत्या वळणावर खडी पसरलीय, कुठे झाडाच्या सावलीत शेवाळ आहे, कुठे माकडांना खाऊ घालायला गाड्या थांबतात: थोड्या वेळानं याच रस्त्यानं तुम्ही पाचपट वेगात येणार आहात. ही पाहणी फुकट मिळते आणि बहुतेक जण ती मान खाली घालून वाया घालवतात.

पावसाळ्यात दरडी पडतात आणि घाट बंद होतो. निघण्याआधी चौकशी करा.

टप्पा ७: उतार

वर पोचल्यावर पिठलं-भाकरी खा, ताक प्या, फोटो काढा. मग लगेच निघू नका. उतरण्याआधी पाच मिनिटं ही कामं करा.

दोन्ही ब्रेक दाबून पाहा, चाकांचे खटके पाहा, मागचा दिवा लावा. घामानं भिजलेलं अंग हिवाळ्यात उताराच्या वाऱ्यात गारठतं, बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबला जात नाही. वाऱ्याचं जॅकेट नसेल तर टपरीवरून कालचा पेपर मागून घ्या आणि जर्सीच्या आत छातीशी पसरा. जुनी युक्ती आहे, अजून चालते.

आता सायकलवर. दोन बोटं सतत ब्रेकवर, बाकीच्यांनी हँडल गच्च पण मनगटं सैल. पायडल न मारता दोन्ही पाय आडवे ठेवा, बूड सीटवरून किंचित उचललेलं. रोड सायकल असेल तर हँडलच्या खालच्या वाकावर हात घ्या, तिथून ब्रेकला जोर मिळतो.

वळणाचा नियम एकच आहे, पण तो अंगात भिनवावा लागतो: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक लावा, पालखी वाहणाऱ्याच्या चालीवर आलात की सोडा, आणि वळा. वळणात ब्रेक लावला की टायरला वळायचं आणि थांबायचं अशी दोन कामं एकदम करावी लागतात, आणि खडीवर त्याला दोन्ही जमत नाहीत. डावीकडे वळताना उजवं पायडल खाली आणि त्यावर वजन. उजवीकडे वळताना डावं खाली. आतलं पायडल खाली राहिलं तर ते रस्त्याला घासून सायकल उडते.

नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर ठेवा. दरीच्या कठड्याकडे पाहिलंत तर सायकल कठड्याकडेच जाते. हे खोटं वाटतं, एकदा अनुभवलं की पटतं.

आपली बाजू सोडू नका. वळण सरळ कापायला मधली रेघ ओलांडलीत की समोरून वर येणारी जीप तिथे असतेच. डाव्या काठाला खडी असेल तर काठ आणि रेघ यांच्या मधून जा. मागून गाडी आली आणि रस्ता सरळ असेल तर हात करून जाऊ द्या.

ब्रेक पहिल्या मीटरपासून शेवटपर्यंत घासत ठेवू नका. रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. डिस्कही तापली की पकड ढिली होते. जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, गार होऊ द्या. भीतीनं ब्रेक सोडवतच नसेल तर दर दोन किलोमीटरला बाजूला घेऊन थांबा. यात काहीही कमीपणा नाही. थांबलात तर रिमला बोट लावू नका, भाजतं.

तपासा: उतरताना हँडल थरथरायला लागलं तर हात आणखी गच्च करू नका. दोन्ही गुडघे फ्रेमला टेकवा, बुडाचं वजन सीटवरून कमी करा, हळूहळू ब्रेक लावा. थरथर थांबते. खाली आल्यावर पुढचं चाक आणि हेडसेट पाहून घ्या.

टप्पा ८: टेकडीवरच्या पायवाटा

एकदा घाट झाला की जाड टायरवाल्यांना वेताळ टेकडी खुणावते. ही पुण्यातली सर्वांत उंच टेकडी, आणि सकाळी ती फिरायला येणाऱ्यांची असते, आपली नाही. इथे चुका चालवण्यातल्या कमी आणि वागण्यातल्या जास्त होतात.

आत शिरण्याआधी फाटकावरची पाटी वाचा. टेकड्यांचे बरेच भाग वनखात्याकडे आहेत. वेळा ठरलेल्या असतात, काही ठिकाणी सायकलला मनाई असते. मनाई असेल तर सायकल खांद्यावर घेऊन कुंपण ओलांडायचं नाही.

चालणारा दिसला की वाट त्याची. तीस-चाळीस पावलं लांब असतानाच एकदा घंटी वाजवा, कानाशी येऊन नाही. त्यांना ऐकू गेलं नाही तर हळू व्हा आणि म्हणा, “काका, उजवीकडून येतोय हं.” आजोबा दचकले की नेमके तुम्ही जाणार त्याच बाजूला उडी मारतात, म्हणून ते कुठे सरकतात ते पाहूनच पुढे जा. अरुंद वाट असेल तर एक पाय टेकून थांबा. “किती जण आहेत मागे?” असं ते हमखास विचारतात, खरा आकडा सांगा, म्हणजे ते तेवढे जाईपर्यंत थांबतात.

समोरून सायकलवाला चढत येत असेल तर उतरणाऱ्यानं थांबायचं. चढणारा एकदा थांबला की त्याला चढावर पुन्हा सुरुवात करणं कठीण जातं.

पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस वाट सुकू द्या. टायरला चिखलाचे पोळे चिकटायला लागले की परत फिरा. त्या दिवशीचा तुमचा चर पुढच्या पावसात ओहोळ होतो. चिखल चुकवायला वाटेच्या कडेनं गवतातून जाणं त्याहून वाईट, कारण वाट रुंद होत जाते. वळणं टाळून सरळ खाली काढलेले शॉर्टकट वापरू नका. पाणी जिरवायला खणलेल्या समतल चरांच्या बांधांवरून उड्या मारणारी पोरंही पाहिली आहेत. तो बांध फुटला की चर पाणी धरत नाही, आणि खाली लावलेली रोपं जातात.

टप्पा ९: काटा आणि पंक्चर

टेकडीवर बाभळीचा काटा ठरलेला. काटा दिसला की उपटायची घाई नको. टायरात हवा असेल तर तसंच हळूहळू सावलीच्या सपाट जागेपर्यंत जा.

मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वांत लहान चकतीवर आणा, मग खटका उघडा. टायरची एक बाजू लिव्हरनं काढा, ट्यूब ओढून घ्या. आता सगळे करतात ती चूक: नवी ट्यूब लगेच घालणं. काटा अजून टायरातच आहे. बाहेरून तो मोडलेला असतो, आतून मिलिमीटरभर टोक असतं आणि डोळ्यांना दिसत नाही. जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा, वॉल्वपासून ते किती अंतरावर आहे ते पाहा आणि टायरात त्याच जागी आतून रुमाल फिरवा. रुमाल अडकेल तिथे काटा. आतून बाहेर ढकलून काढा. मग उरलेल्या टायरातही रुमाल फिरवा, कारण काटे जोडीनं येतात.

नव्या ट्यूबला तोंडानं फुंकून जरा आकार द्या, मग बसवा. टायर शेवटी हातानं चढवा. लिव्हरनं चढवलंत तर ट्यूब चिमटते आणि दोन मिनिटांत दुसरं पंक्चर. पूर्ण हवा भरण्याआधी गोल फिरून पाहा, ट्यूब कुठे डोकावते का.

पॅच लावत असाल तर सोल्युशन लावून ते कोरडं होईपर्यंत थांबा. ओल्यावर चिकटवलेला पॅच घरी पोचेपर्यंत सुटतो.

टप्पा १०: पडलात तर

पहिली प्रतिक्रिया लाजेची असते. माणूस ताडकन उठतो आणि “काही नाही झालं” म्हणतो. वळणावर पडला असाल आणि हलता येत असेल तर आधी रस्त्याबाहेर या, सोबत्याला वरच्या वळणावर हात दाखवायला उभं करा. मग बसा, दोन मिनिटं. मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येताहेत असं असेल तर हलू नका, हेल्मेट काढू नका आणि १०८ ला फोन करा. डोकं आपटलं असेल आणि नंतर उलटी, गरगरणं, झोप किंवा तेच तेच विचारणं सुरू झालं तर ती थकव्याची लक्षणं समजू नका, थेट रुग्णालयात जा. साध्या खरचटण्याला पिण्याच्या पाण्यानं माती धुऊन टाका. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

सायकलवर पुन्हा बसण्याआधी हँडल सरळ आहे का, चाक ब्रेकला घासतंय का, मागचा गिअर आत वाकलाय का ते पाहा. वाकलेल्या गिअरवर सर्वांत मोठी चकती टाकलीत तर तो स्पोकमध्ये जातो आणि चाक जागच्या जागी अडकतं. शंका असेल तर टेम्पोला हात करा.

आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला थर्मोकोलसारखा थर दबलेला असतो; ते पुन्हा वापरू नका. टाकताना पट्टे कात्रीनं कापा, नाहीतर कचऱ्यातून कुणीतरी ते उचलतं आणि पोराच्या डोक्यावर घालतं.